सैरंध्रीचे हात

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आपल्या नाटकाचं नाव ठेवलं 'कीचकवध'. पुढे तेरा वर्षांनी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी त्याच नाटकावरून मूकपट काढला आणि त्याचं नाव झालं 'सैरंध्री'. गोष्ट तीच. अज्ञातवासात सैरंध्री, म्हणजे राणीची दासी, होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा राणीचा भाऊ कीचक, आणि अंधारात त्याला संपवणारा भीम. नाटक मात्र मरणाऱ्याच्या नावावर होतं, सिनेमा तिच्या नावावर आला. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवायचं म्हणजे किती खेटे घालावे लागतात, हे आमच्याकडच्या ज्या घरांनी पाहिलं आहे त्यांना या नावबदलाचं मोल सांगायला नको. त्यामागे सरकारी बंदीची अडचण असणारच, त्याबद्दल पुढे येईलच. तरी पाटीवर नाव तिचं लागलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हा १९२० सालचा मूकपट आज पाहायला मिळत नाही.

मी राहते ते गाव परतवाड्याच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अंगणात उभं राहिलं की उत्तरेला डोंगराची रांग दिसते. त्या रांगेवर चिखलदरा आहे. आमच्याकडची पोरं शाळेत नाव घालायच्या आधीच शिकतात की कीचकाला भीमानं तिथंच मारलं, दरीत फेकलं, म्हणून तो कीचकदरा. पांडव अज्ञातवासात जिथं राहिले ती विराटराजाची नगरी आमचीच, असं म्हणणारी ठिकाणं देशात पुष्कळ आहेत. राजस्थानातलं बैराट तर प्रसिद्धच आहे. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पण एखादी कथा आपल्या उंबऱ्याशीच घडली असं मानत तुम्ही वाढलात, की तिच्यावर निघालेल्या नाटकाशी आणि सिनेमाशी तुमचं नातं वेगळंच असतं. पोथीतल्या माणसांची विचारपूस करावी तशी नव्हे, गावातून गेलेल्या माणसांची करावी तशी त्यांची विचारपूस होते. कोण कुठं गेलं, कुणाचं पुढं काय झालं?

नाटकाची कहाणी आधी. खाडिलकर टिळकांचे सहकारी, 'केसरी'तले. 'कीचकवध' महाराष्ट्र नाटक मंडळीनं १९०७ साली रंगभूमीवर आणलं. लॉर्ड कर्झन तोवर हिंदुस्थान सोडून गेला होता, पण बंगालच्या फाळणीची जखम ओली होती. नाटकात कर्झनचं नाव कुठंही नाही, आणि तरीही थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक कोण ते कळत होतं. सैरंध्री म्हणजे अपमानित देश. युधिष्ठिर म्हणजे अर्ज-विनंत्या करत बसलेले मवाळ. भीम म्हणजे जहाल. समजावणीचा शब्द कुणाला लिहावा लागला नाही.

आम्हा वऱ्हाडी माणसांना तर या कीचकाची आणखी एक ओळख आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होतं, पण कागदोपत्री मालकी निजामाची होती. १९०२ साली कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं लिहून घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. दुसऱ्याच वर्षी आम्ही मध्य प्रांताला जोडले गेलो. म्हणजे ज्या भूमीतल्या दरीत कीचक पडला असं आमचे लोक मानतात, ती भूमी कायमची घशात घालणारा माणूसच खाडिलकरांचा कीचक होता. खाडिलकरांच्या मनात चिखलदरा असेल असं मी म्हणत नाही. मला मात्र नाटक वाचताना हे विसरता येत नाही.

डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, तोही नाटकगृहात. सरकारची नजर त्यानंतर नाटकांवर अधिकच कडक झाली, आणि १९१० साली 'कीचकवध'वर बंदी आली. त्या सुमारास लंडनच्या 'टाइम्स'मध्ये या प्रयोगाचं वर्णन छापून आलं. लिहिणारा अर्थातच नाटकाच्या विरोधात होता, त्याला यात राजद्रोह दिसत होता. पण त्यानं पाहिलं मात्र डोळे उघडून. कीचकाचे अत्याचार पाहताना पुरुषांच्या चेहऱ्यावर पडलेल्या आठ्या, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे, युधिष्ठिराच्या नेमस्तपणाबद्दलचा तिटकारा, आणि शेवटी जुलमी माणूस मारला जातो तेव्हा प्रेक्षकांतून उठलेला समाधानाचा खोल हुंकार, हे सगळं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. बंदी घालायला उपयोगी पडावं म्हणून लिहिलेल्या मजकुरात त्या बायकांचे डोळे राहून गेले. मराठी नाटकाच्या इतिहासात इतकं मोलाचं वाक्य एखाद्या चाहत्यानंही क्वचितच लिहिलं असेल.

त्या बायका ज्या द्रौपदीकडे पाहत होत्या, ती पुरुष होती. त्या काळी तसंच असायचं, आणि आमच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, तर अगदी आत्ताआत्तापर्यंत तसंच होतं. मी लहान असताना दिवाळीनंतर गावात दंडार उभी राहायची. बाईचं सोंग घेणारा माणूस दिवसा वखर हाकायचा आणि रात्री नऊवारी नेसून इतक्या मर्यादेनं उभा राहायचा की आयाबाया पदर सावरून बसायच्या. त्याच्या कलेला मी कमी लेखत नाही. बायकांच्या दुःखाला त्यानंच तर आवाज दिला. पण तो आवाज त्यानं पुरुषांना बाई जशी दिसते तसा दिला, एवढं म्हणायला हरकत नसावी.

बाबूराव पेंटर, मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, हे आणि त्यांचे आतेमामेभावाच्या नात्यातले आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडे, अरण्यं, रस्ते त्यांनी कापडावर उभे केले. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आल्यावर दोघांना चलत्चित्राचं वेड लागलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी हात सोडला नाही. दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचं पाठबळ दिलं, आणि सहकारी दामले यांच्या मदतीनं बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार केला. विकत आणलेला नव्हे, कोल्हापुरात घडवलेला. त्या कॅमेऱ्यातून 'सैरंध्री' उतरला. झुंझारराव पवार कीचक आणि बाळासाहेब यादव भीम.

आता त्या वेळचा विचार करा. मूळ नाटकावर बंदी आहे. नाटकाचं सगळं बळ संवादांत, आणि मूकपटाला तर तोंडच नाही. बंदी शब्दांवर होती आणि शब्दच गाळून टाकले, म्हणून गोष्ट पुन्हा लोकांसमोर येऊ शकली असं मला वाटतं. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात 'सैरंध्री' लागला. टिळकांनी तो पाहिला, बाबूरावांना सुवर्णपदक दिलं, 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले. ज्या नाटकाच्या भीमात लोक त्यांचीच वाट पाहत होते, त्या नाटकाचं मुकं रूप त्यांनी अखेरच्या वर्षात पाहिलं.

सरकारला मात्र शब्दांशिवायही धास्ती वाटलीच. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ मध्ये झाला होता आणि चित्रपट तपासण्याचे दिवस नुकते सुरू झाले होते. भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य पेंटरांनी इतकं उघड दाखवलं होतं की त्यावर आक्षेप आला. 'सैरंध्री'ची चर्चा निघाली की लोक आजही याच दृश्याबद्दल बोलतात. मारलं कसं, किती भयंकर दिसत होतं. चित्रपट तिच्या नावाचा, आणि आठवण पुन्हा त्याच्या मरणाची.

मूकपटांचं जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना वाईट वाटतं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. लवकर पेट घेणारी, आणि पेटली नाही तरी चिकट होऊन शेवटी भुकटी होणारी. बोलपट आल्यावर मुक्या रिळांना गिऱ्हाईक उरलं नाही. कित्येक रिळं त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले अख्खे किंवा तुकड्यांनी हाती लागतात ते तिसाच्या आसपास. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालचं, म्हणजे 'सैरंध्री' लागल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी जपणूक सुरू झाली. तोवर जे जायचं ते गेलं होतं. वाचलेल्या नायट्रेट रिळांनाही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागली.

तरी एक विचार मला सोडत नाही. या गोष्टीतलं नेमकं काय हरवलं? नाटक हरवलेलं नाही. बंदी उठली, पुस्तक ग्रंथालयात आहे, द्रौपदीचं एकेक भाषण मोठ्यानं वाचता येतं. कीचकाचा वध हरवलेला नाही. तो आमच्या दरीत रोज होतो, सुट्टीच्या दिवशी तर दहा वेळा होतो. नट, दिग्दर्शक, पदक, पदवी, सगळं लिहून ठेवलेलं आहे. १९३३ साली व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीकडून पुन्हा 'सैरंध्री' काढला, त्या वेळी तो बोलला, गायला, रंगीत करण्यासाठी त्याच्या प्रती जर्मनीत काढून आणल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत ही गोष्ट वेगळी. म्हणजे कथा कुठंही तुटली नाही. पेंटरांच्या रिळांत होतं आणि दुसरीकडे कुठंच नव्हतं असं एकच. कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली, अपमान सोसणारी, न बोलता सगळं चेहऱ्यानं सांगावं लागलेली बाई.

ती बाई होती. पेंटरांनी या चित्रपटात स्त्रिया घेतल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावं बदलली, एक कमलादेवी झाली, दुसरी सुशीलादेवी. फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई आधीच येऊन गेल्या होत्या, तरी पडद्यावर येणं बाईसाठी मानाचं काम झालं नव्हतं. या दोघींना त्यांच्या समाजानं वाळीत टाकलं. राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्या स्टुडिओच्याच आवारात राहिल्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. नाव बदलून, आपलं माणूस जवळ नसताना, दुसऱ्याच्या आवारात राहून दुसऱ्यासाठी काम करणारी बाई, तिच्या कथेत या दोघी काम करत होत्या आणि तेच जगत होत्या. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं जपली गेली आहेत, त्यांत लुगडं नेसलेले पुरुष आजही पाहता येतात. खऱ्या बायका मात्र रिळांबरोबर गेल्या. माझी हळहळ आहे ती यासाठी. भीमानं कीचकाचं काय केलं ते मला पाहायचं नाही.

चिखलदऱ्याला मी अनेकदा गेले, पण सगळ्यांत लक्षात आहे ते माझ्या आत्याबरोबर जाणं. आत्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. भीमकुंडाशी आम्ही उभ्या होतो. खाली काळंशार पाणी, समोर पावसाळ्यानंतरचा हिरवा डोंगर. आत्यानं हात जोडले आणि मला सांगितलं, जणू मी कधी ऐकलंच नव्हतं.

"भीमानं कीचकाले मारलं, थ्या दरीत फेकलं, अन् मंग ह्या कुंडात हात धुतले."

मी विचारलं, "अन् द्रौपदीचं काय झालं, आत्या?"

"तिचं काय होनार? राह्यली."

एवढंच. त्या 'राह्यली'नं मला कामाला लावलं असं म्हटलं तरी चालेल. भीमाचं कुंड आहे, कीचकाची दरी आहे, जवळच वैराट आहे, या डोंगरांतलं सर्वांत उंच ठिकाण, ते विराटराजाचं. सैरंध्रीच्या नावाचं मला कुणी काही दाखवलं नाही. त्यानंतर मी घरी येऊन विराटपर्व नीट, सलग वाचलं. नुसता वधाचा अध्याय काढून नव्हे. आणि मग कळलं की आपण सगळ्यांनी मिळून, दंडारीनं, नाटकानं आणि डोंगरानंही, या कथेच्या दोन्ही बाजू कापून टाकल्या आहेत. वधाच्या आधीची एक रात्र आणि वधाच्या नंतरचे काही दिवस.

आधीची रात्र अशी. भरसभेत कीचकानं तिला लाथ मारली. राजानं न्याय केला नाही. कंकाच्या वेषातला युधिष्ठिर तिला म्हणाला, इथं थांबू नको, आत जा. ती गेली. रात्री उठून स्वयंपाकघरात आली, तिथं बल्लव होऊन राहिलेला भीम झोपला होता. तिनं त्याला उठवलं. आणि मग ती बोलू लागली ते फक्त कीचकाबद्दल नव्हतं. एकेका नवऱ्याची काय दशा झाली ते बोलली. स्वतःच्या कामाबद्दल बोलली. म्हणाली, कुंतीसाठी सोडलं तर मी कधी कुणासाठी चंदन उगाळलं नाही, स्वतःसाठीही नाही. आता राजासाठी उगाळते. उगाळलेलं त्याला पसंत पडेल की नाही याची धास्ती घेऊन त्याच्यापुढे उभी राहते. आणि तिनं भीमाला आपले हात दाखवले. घट्टे पडलेले. भीमानं ते हात घेऊन स्वतःच्या तोंडावर ठेवले आणि तो रडला. कीचकाला मारण्याचा बेत त्यानंतर ठरला.

म्हणजे भीम हलला तो अपमानाच्या वर्णनानं जितका, तितकाच त्या घट्ट्यांनी. व्यासांनी हे लिहून ठेवलं आहे, आणि आमच्या दरीत ते कुणी सांगत नाही.

एका संध्याकाळी मी हा भाग आत्याला वाचून दाखवला, संस्कृतातलं मराठीत करत. वेचणीचे दिवस होते. सकाळी ओटी बांधून वावरात जायचं, सांजेला काट्यावर कापूस मोजून किलोवर मजुरी घ्यायची. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात, नखांच्या कडेची कातडी फाटते, आणि ती फाटलेली बोटं घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्या मांडीवर हात ठेवून ऐकत होती. चंदनाचं आलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

"भीम रडला?"

"हो, असंच लिहिलंय."

"मंग हे काहून नाई दाखवत दंडारीत? नुसतं मारामारी दाखवतात."

मी काय उत्तर देणार? दंडारीत पुढं बसतात ती पोरं, त्यांना मारामारीच हवी असते. नाटकाला १९०७ साली देशाला चेतवायचं होतं, त्याला भीमाची गदा जास्त उपयोगाची होती. खाडिलकरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो कीचक होता तो हात दाखवून हलणारा नव्हता. पण मूकपटाकडे शब्द नव्हते. त्याला दाखवायला हातच होते. चंदनाची सहाण, तिच्यावर फिरणारा हात, आणि तो हात उजेडाकडे वळवणारी बाई. एक अक्षर न बोलता कळलं असतं. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळलं असतं. मूकपटांत मधूनमधून अक्षरांच्या पाट्या यायच्या, आणि थिएटरात कुणीतरी त्या मोठ्यानं वाचायचं. हातांना त्या वाचणाऱ्याची गरज पडली नसती.

इथं एक आडवाटेची गोष्ट सांगायला हवी, कारण ती विदर्भाची आहे. सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी ही पहिली नव्हे. तिच्या आधी दमयंती. विदर्भराजाची मुलगी, आमच्याकडची लेक. नळानं अरण्यात टाकून दिल्यावर ती चेदीच्या राजमातेकडे सैरंध्री म्हणूनच राहिली. उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही, या अटी तिनं आधीच सांगून ठेवल्या. द्रौपदीनंही विराटाच्या राणीपाशी उष्ट्याची आणि पाय धुण्याची अट घातली आहे. वनपर्वात युधिष्ठिराला नळाची कथा ऐकवली जाते ती अज्ञातवासाच्या आधी, आणि ऐकणाऱ्यांत द्रौपदी नसेल असं मला वाटत नाही. विदर्भातल्या एका बाईनं परक्या घरी अब्रूनं कसं राहायचं ते घालून दिलं आणि दुसरीनं ते उचललं, असं मी मनाशी मानते. आमच्या आत्यानंही दुसऱ्याच्या वावरात काम धरताना अशाच अटी घातल्या होत्या. जेवण स्वतःची शिदोरी, आणि मालकाच्या घरात पाय ठेवणार नाही.

आता वधाच्या नंतरचं.

आमच्याकडे कथा हात धुतल्यावर संपते. महाभारतात ती तिथून आणखी बिकट होते. कीचकाचे भाऊबंद सैरंध्रीला धरतात. हिच्यामुळं तो मेला, तर हिलाही त्याच्याबरोबर जाळा, असं म्हणतात, आणि राजा त्याला संमती देतो. तिला तिरडीला बांधून स्मशानाकडे नेतात. ती ओरडते, भीम झाड उपटून येतो, तिला सोडवतो. ती एकटी नगरात परत येते. तिला पाहून लोक पळतात, कुणी डोळे मिटून घेतात. जिच्यावर अन्याय झाला तिचीच साऱ्या गावाला भीती वाटते. आणि मग राणी सुदेष्णा तिला निरोप देते. राजाला तुझी धास्ती वाटते, तू इथून जा.

कीचकाच्या वधाचा हुंकार घालणाऱ्या प्रेक्षकांना हा निरोप कुणी ऐकवला नाही. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना मात्र तो ऐकायला मिळाला, पडद्यावर नव्हे, आपल्याच समाजाकडून.

मी काही संशोधक नाही. कोल्हापूरला जाऊन जुन्या पेट्या उघडणं माझ्या हातचं नाही, आणि कुठल्या माळ्यावर 'सैरंध्री'चं रीळ सापडेल अशा आशेवर मी बसलेली नाही. नायट्रेट शंभर वर्षं उन्हाळ्यात राहत नाही, आणि आमच्याकडचे उन्हाळे तर माणसालाही सोसत नाहीत. पण सिनेमा गेला तरी ती ज्या कथेतली होती ती आमच्या डोंगरावर रोज सांगितली जाते. ती सांगणारी पोरं आहेत. पर्यटकांच्या गाड्या थांबल्या की धावत येतात, पाच-पन्नास रुपयांत भीमकुंड, पंचबोल, गाविलगड सगळं दाखवतात. त्यांच्या तोंडी जे असेल तेच इथं येणारी माणसं घेऊन जाणार. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

म्हणून मी आता जाते तेव्हा गाईड पोराला आधी त्याची गोष्ट पूर्ण सांगू देते. मध्येच तोंड घालत नाही. तो भीमाचा आवाज काढतो, दरीकडे हात करतो, सगळं रंगवून सांगतो, आणि चांगलं सांगतो. मग मी माझे दोन तुकडे त्याच्या हवाली करते. आधीची रात्र आणि नंतरचे दिवस. काही पोरं मान डोलावून पुढच्या गाडीकडे पळतात. गेल्या पावसाळ्यानंतर भेटलेला जवळच्या मोथा गावाकडचा एक पोरगा पळाला नाही. हातांचं ऐकून घेतलं, तिरडीचं ऐकलं, राणीचा निरोप ऐकला. समोर एक गाडी येऊन उभी राहिली तरी हलला नाही.

"मंग गेली का ते, काकू?"

"नाही गेली. म्हणाली, आणखी तेरा दिवस थांबू द्या."

"तेराच काहून?"

तेरा दिवसांनी अज्ञातवास संपत होता, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाठ केलं आणि गाडीकडे गेला.